पन्नासच्या वेगाने सांगली

यंदा मार्गशीर्षात जायचंच, असं मी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ठरवून टाकलं. आमचे हे एस.टी.त बत्तीस वर्षं चालक होते. बत्तीस वर्षांत एकही अपघात नाही म्हणून मिळालेला बिल्ला आमच्या देवघराशेजारी खिळ्याला टांगलेला असायचा. हे निवृत्त झाले त्या दिवशी मी औदुंबरच्या दत्ताला बोलले होते, माझा माणूस धडधाकट घरी पोचवलास, आता आमच्या स्वतःच्या गाडीनं तुझ्या पायाशी येऊ आणि नारळ ठेवू. नंतर जुनी चारचाकी घेतली. पण एकदा लेकीचं बाळंतपण, एकदा पूर, एकदा सुतक, असं करत नवस लांबत गेला.

हा ब्लॉग लेकीनंच उघडून दिलाय. ती म्हणाली, "आई, तू वहीत लिहितेस तसंच इथं लिही." मी दहावी पास, तेही फार वर्षांपूर्वी. वहीत मी खर्च लिहिते, म्हणून इथंही थोडा खर्च येईल. जे खर्चात बसत नाही तेही या वेळी लिहायचं आहे.

आमचं खंडाळा म्हणजे साताऱ्याचं. लोणावळ्याजवळचं नव्हे, तेव्हा चिक्की शोधू नका. मुक्काम सांगलीला थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं, आणि दुसऱ्या दिवशी तिथून जवळच्या औदुंबरला. इथून सांगली पावणेदोनशे किलोमीटर. तरणी पोरं तीन तासांत जातात. आम्हाला सहा लागतील असं धरून मी गुरुवारी सकाळी साडेसातला निघायचं ठरवलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ताक आणि शेंगदाण्याचे लाडू बरोबर घेतले. हायवेवर दोघांचं जेवण सहज पाचशेच्या घरात जातं, आणि त्यातली भाजी कालची की आजची हे देवालाच माहीत. पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. मागच्या सीटवर नारळ, खण आणि अक्कासाठी ज्वारीचं पीठ.

आमच्या गाडीचे दोन नियम आहेत, ते आधी सांगते. एस.टी.त वाहकानं एक बेल दिली की थांबायचं आणि दोन बेल दिल्या की निघायचं. बेलीशिवाय चालक गाडी हलवत नाही. ही सवय ह्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की स्वतःच्या गाडीतही, मी डॅशबोर्डवर दोन टिचक्या मारल्याशिवाय हे गिअर टाकत नाहीत. आधी आम्ही हसायचो, मग तो रिवाजच झाला. दुसरा नियम एस.टी.त पाटीवर लिहिलेला असतो, चालकाशी बोलू नये. लग्न झाल्यापासून मी तो पाळत आले. ह्यांच्या हातात चाक असताना मी जपमाळ ओढते, खिडकीबाहेर बघते, पण गाडी कशी चालवावी याबद्दल चकार शब्द काढत नाही. शेजारणी नवऱ्याला "अहो हळू, अहो ब्रेक" करत जातात तेव्हा मला हसू यायचं.

चाकाखाली लिंबू ठेवलं, दत्ताचं नाव घेतलं, दोन टिचक्या मारल्या आणि निघालो.

खंबाटकी घाट नेहमीसारखाच होता. साखरेच्या पोत्यांनी भरलेले ट्रक मुंगीच्या पायानं चढत होते, आणि त्यांच्या मागं पुण्याहून आलेल्या गाड्या जीव चालल्यासारख्या हॉर्न वाजवत होत्या. हे एका ट्रकच्या मागं लागले ते घाट संपेपर्यंत त्याच्याच मागं राहिले. ओव्हरटेक नाही की हॉर्न नाही. एक मोठी पांढरी गाडी आम्हाला घासून पुढं गेली. हे म्हणाले, "जाऊ दे. कुणी दवाखान्यात असंल त्याचं." हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. पाठीमागून कुणी कितीही बोंबललं तरी त्याचं माणूस दवाखान्यात आहे असं समजायचं. आणि दुसरं वाक्य, "त्यास्नी घाई हाय, आपल्या गाडीत माणसं हायती."

सुरूरला चहा घेतला. तिथल्या टपरीवर चहा चांगला मिळतो, पण बायकांची सोय नाही. त्यासाठी पेट्रोल पंप बघावा आणि किल्ली मागायला लाजू नये. आम्ही चहा पीत असताना दुधाची एक पिकअप आमच्या गाडीला चाटून गेली. ओरखडा उठला नव्हता. गाडीत बसून मी दोन टिचक्या मारल्या, गाडी रस्त्याला लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या बाजूचा आरसा मिटून आत आलाय. बोलावंसं वाटलं. पण गाडी सुरू झाली होती, आणि चालकाशी बोलू नये. लागला तर हेच म्हणतील, अगं आरसा उघड. मी माळ हातात घेतली.

ह्यांनी आरसा उघड म्हटलंच नाही.

आनेवाडीच्या टोलनाक्यावर गर्दी होती. आता टोल मोबाईलच्या खात्यातून परस्पर कापला जातो, त्यामुळं सुटे पैसे शोधावे लागत नाहीत. जाताना दोन टोल लागतात, दोन्ही मिळून दीडशेच्या पुढं. शेजारच्या रांगेत एक गाडी येऊन थांबली आणि काच खाली झाली. गॉगल लावलेला चाळिशीचा माणूस म्हणाला, "काका, सुरूरपासनं बघतोय. मधल्या लेनमधनं वरात चाललीय काय? डावीकडं व्हा की जरा!"

त्याच्या शेजारचा म्हणाला, "बँडवालं मागं ऱ्हायलं वाटतं त्यांचं."

दोघं हसले. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "जा रे बाबा पुढं. वर गेल्यावर आमचापण नंबर लावून ठेव."

तो काच वर करून सुसाट निघून गेला. हे मला म्हणाले, "कशाला बोललीस? शुभ बोलावं."

"बत्तीस वर्षं बिनअपघाताची नोकरी केलेल्या माणसाला लेन शिकवतोय," मी म्हणाले. मनातून फार राग आला होता. आमचे हे इतक्या शांतपणानं चालवतात आणि ही दीडदमडीची माणसं त्यांची चेष्टा करतात. ब्लॉगवर संयमानं गाडी चालवण्याबद्दल लिहायचं, असं मी तिथंच ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवत होते.

हे खरोखर मधल्या लेनमधूनच चालवत होते. एरवी ह्यांचं म्हणणं असायचं की डावी बाजू आपली, उजवी लग्नाच्या वऱ्हाडाची. पण आज असं का, हे मी विचारलं नाही.

साताऱ्यात आत शिरलो नाही. बाहेरच अक्कासाठी पाव किलो कंदी पेढे घेतले. सातारा सोडल्यावर रस्ता सरळ आहे. उजवीकडं डोंगर आणि ऊन छान पडलेलं. मी डब्यातला लाडू काढून ह्यांच्यापुढं धरला. पुष्कळ वेळ धरला. ह्यांनी घेतला नाही, नको असंही म्हणाले नाहीत. मला वाटलं, काय हे लक्ष! समोरच्या रस्त्यावरून नजर हलत नाही या माणसाची. तो लाडू मीच खाल्ला आणि मला ह्यांचा अभिमान वाटला, हे इथं लिहायला मला आता जड जातंय.

कराडजवळ रस्त्याचं काम काही संपत नाही. कधी गाड्या खालून काढतात, कधी पत्र्यांच्या मधून. तिथं अर्धा तास गेला. दोन्ही बाजूंनी दुचाकीवाले घुसत होते, मागं हॉर्नचा कल्लोळ, आणि आम्ही बैलासारखे मान खाली घालून चाललेलो. कराड ओलांडल्यावर एका मारुतीच्या देवळाच्या सावलीत दशम्या खाल्ल्या. ताक पिताना ह्यांचा पेला कलंडला. "वय झालं," हे म्हणाले. एकसष्ट म्हणजे काय वय असतं?

पेठ नाक्यावरून डावीकडं सांगलीचा रस्ता फुटतो. इथून हायवे संपला. दोन्हीकडं ऊस, आणि तोडणीचा हंगाम म्हणून रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर आणि मोठ्यानं लावलेली गाणी. आष्टा सोडल्यावर आम्ही अशाच एकामागं लागलो. वेग वीस. मागून एक गाडी सारखी दिवे दाखवायला लागली. पीं पीं पीं. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"देतो बाबा साइड, देतो," हे म्हणाले, आणि त्याला वाट द्यायला म्हणून गाडी डावीकडं घेतली.

डावीकडं मोटारसायकल होती. नवरा-बायको. माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर. बाईच्या मांडीवर पिशवी होती आणि ती माझ्याकडंच बघत होती. ह्यांना ती दिसणारच असं मला वाटलं. एवढी जवळ होती. एक क्षण मी गप्प राहिले. मग ओरडले, "अहो, डावीकडं!"

ह्यांनी ब्रेक दाबला. मोटारसायकल कच्च्या रस्त्यावर उतरली, घसरली आणि आडवी झाली. हॉर्नवाली गाडी उजवीकडून निघून गेली, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

दत्तानं सांभाळलं. हाड मोडलं नाही. माणसाच्या गुडघ्याला खरचटलं, बाईच्या कोपरातून थोडं रक्त आलं आणि एका हातातल्या सगळ्या बांगड्या वाढल्या. तो माणूस उठून खिडकीशी आला.

"आवं काका, एवढी जित्ती माणसं दिसत न्हाईत व्हय? मघापासनं बाजूलाच होतो की आमी!"

हे खाली उतरले. हात जोडले. "चूक माझी हाय," म्हणाले. दुसरं काही नाही.

त्या माणसानं मुठी वळल्या होत्या, पण हात जोडलेल्या म्हाताऱ्यापुढं त्या सैल पडल्या. बाई म्हणाली, "जाऊ द्या वो. मुद्दाम केलंय का त्यांनी?" मी तिचं कोपर बाटलीतल्या पाण्यानं धुतलं. भरल्या कपाळाच्या बाईचा हात रिकामा बघवेना. माझ्या दोन हिरव्या बांगड्या काढून तिला घातल्या, त्या तिला सैल झाल्या. मग मागच्या सीटवरचा खण आणि दत्ताचा नारळ काढून रस्त्याच्या कडेलाच तिची ओटी भरली. ती वाकून मला नमस्कार करायला लागली. मी तिला धरलं, म्हणाले, "नको गं बाई, मलाच लाजवू नको."

ते दोघं गेले. आम्ही गाडीत बसलो. ह्यांनी चाकावर हात ठेवले आणि वाट बघत राहिले.

मी दोन टिचक्या मारल्या. त्या मारायला नको होत्या. अजून वीस किलोमीटर होतं, दुपार टळत होती, अक्का वाट बघत होती, ही सगळी कारणं मी नंतर शोधली. खरं तर मला कळायला लागलं होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. तिथून पुढं मात्र मी बोलत गेले. डावीकडं सायकल. डावीकडं म्हैस. डावीकडं बोर्ड आहे. तीस वर्षांत न बोललेलं सगळं त्या वीस किलोमीटरमध्ये बोलले. हे एकदाही म्हणाले नाहीत की मला दिसतंय, गप्प बस. ते ऐकत होते आणि चालवत होते.

माधवनगर सांगलीला लागूनच आहे. तिथं अक्का राहते. तिचे यजमान तिथल्या कापडाच्या गिरणीत होते. ते गेले, गिरणीही बंद पडली, अक्का आणि तिचं अंगण उरलं. ह्यांच्यासाठी तिनं भरली वांगी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता, तो ठेचा हे भाकरीपेक्षा जास्त खातात असं आमच्याकडं म्हणतात. दिवेलागण झाली आणि जेवायला बसलो.

ताटात डावीकडं ठेचा, लिंबू, काकडीची कोशिंबीर. उजवीकडं वांगं आणि आमटी. हे वांग्याशी भाकरी खात होते.

अक्का म्हणाली, "पाव्हणं, तुमच्यासाठी कुटलाय आणि तुमी शिवला न्हाई ठेच्याला?"

"कुठाय ठेचा?"

"आवं, ताटात!" अक्का हसली आणि तिनं ह्यांचं ताट अर्धं फिरवलं. "ह्यो बघा."

ह्यांनी ठेचा खाल्ला, कोशिंबीर संपवली. लिंबू पिळलं. पण फिरवलेल्या ताटात वांगं आता डावीकडं गेलं होतं, ते तसंच राहिलं. थोड्या वेळानं हे म्हणाले, "वांगं संपलं काय अक्का?"

अक्काचं हसू गेलं.

मागच्या तीन महिन्यांत घरी किती वेळा ताटातली चटणी तशीच उरली होती! पित्त होतं म्हणून खात नाहीत, असं मी धरून चालले होते. भाद्रपदात एका सकाळी ह्यांना चक्कर आली होती. अर्धा दिवस पडून राहिले, मग उठून चहा प्यायले. मी सुंठ-साखर दिली. डॉक्टरकडं गेलो असतो तर उगाच तपासण्या लावल्या असत्या, असं मीच म्हणाले होते.

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले, परत आले आणि काही न बोलता ह्यांच्या डाव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी बसले. हे समोर बघत होते. मग अक्काला म्हणाले, "ही कुठं गेली?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी तोंडाला पदर लावला.

गाडीत चालकाच्या शेजारची जागा डावीकडं असते. खंडाळ्यापासून माधवनगरपर्यंत मी त्याच जागेवर बसले होते. लाडू धरून बसले होते. सहा तासांत मी ह्यांना दिसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी औदुंबरला जायचं होतं. सकाळी आंघोळ करून हे कपाळाला गंध लावून तयार. अक्काच्या अंगणात गाडी सुरू केली. मी शेजारी बसले. मिटलेला आरसा तसाच होता, काचेत माझाच चेहरा दिसत होता.

हे थांबले. गाडी घुरघुरत होती. एरवी पेट्रोल फुकट जळताना मला बघवत नाही. त्या दिवशी मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"दे की," हे म्हणाले.

"नाही."

"काय राहिलं का घरात?"

"काही राहिलं नाही."

ह्यांना गाडी पुढं घेता आली असती. किल्ली, चाक, गिअर सगळं ह्यांच्याच हातात होतं. पण बेल नव्हती. अक्काच्या भिंतीवर एक मांजर होतं, ते उठून गेलं. मग ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी बंद झाली.

"कवापासनं?" मी विचारलं. चिडले किंवा घाबरले की माझ्याही तोंडात गावची भाषा येते.

"ती चक्कर आली तवापासनं."

"बोलला का न्हाई मग?"

"बोललो असतो तर तू बेल दिली असतीस?"

मी मिटलेल्या आरशाकडं बघितलं.

"समोरचं लख्ख दिसतंय," हे म्हणाले. "म्हणलं, डाव्या कडंला जाऊयाच नको. मधनं चालवूया हळूहळू, म्हंजे कुणाला धक्का नको. बत्तीस वर्षं चालवली. दत्तापर्यंत जाईल म्हणलं एवढी एक खेप." मग म्हणाले, "तू हाईस हे टिचक्यांवरनं कळत होतं."

औदुंबर राहिलं. रिक्षानं मिरजेला गेलो. माधवनगरहून मिरजेला रिक्षा अडीचशे सांगतात, दोनशेत येतात. दवाखान्यात गर्दी फार, सकाळी नंबर लावला तर दुपारी लागतो, डबा न्यावा. आधी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग त्यांनी दुसरीकडं पाठवून डोक्याचा फोटो काढायला सांगितला. डोळे चांगले आहेत म्हणाल्या. मेंदूत लहानशी गुठळी झाली होती, त्यात दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेली. परत येईल का, असं मी विचारलं. "इतक्या दिवसांनी फार आशा धरू नका," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी आला असता तर..." मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. गोळ्या रोज घ्यायच्या, गाडी कायमची बंद.

ह्यांनी विचारलं, "गावात तरी? देवळापर्यंत?"

"नाही काका."

येताना सांगलीच्या गणपतीला गेलो. देऊळ मोठं, स्वच्छ, तासभर बसावं असं. नारळ घेतला नाही. जो देवाला बोलले होते तो देऊन झाला होता, आणि दुसरा घ्यायचं मनात येईना. नदीवर गेलो. कृष्णेचं पाणी हिवाळ्यात संथ असतं. हे घाटाच्या पायरीवर बसले, मी उजवीकडं बसले. तेवढं कळून चुकलं होतं. वाचकांनी हरिपूरचा संगमही बघावा, जवळच आहे. आम्ही गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी अक्काच्या अंगणात, चिंचेखाली, जुन्या चादरी घालून ठेवली आणि आम्ही एस.टी.नं निघालो. महिलांना अर्धं तिकीट आहे, ह्यांना पूर्ण पडलं. ह्यांनी जागा घेतली ती चालकाच्या बरोबर मागची, जाळीला लागून. बत्तीस वर्षं जाळीच्या पुढं बसलेला माणूस. चालक नवा होता, त्याला घाई होती. कराडच्या पत्र्यांमधून त्यानं अशी काही गाडी काढली की मागच्या बायका किंचाळल्या. ह्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता. उंब्रजला दाबला, नागठाण्याला दाबला, आणि प्रत्येक थांब्यावर वाहकानं दोन बेल दिल्या की ह्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. साताऱ्याला मी पाणी दिलं, उजव्या हातात. "पाय दुखंल हो," मी म्हणाले. ह्यांनी पायाकडं बघितलं, जणू तो दुसऱ्याचाच होता.

घरी आलो. वहीत सगळं लिहून काढलं, पण इथं बेरीज देत नाही. त्यात फोटोचे पैसे धरले तर कुणी सांगलीला जायचं नाही. तुम्ही जा. औदुंबरला जा, ठेचा खा, गणपतीला बसा. आणि पन्नासच्या वेगानंच जा, मागचा काहीही म्हणो. पण हळू जाणारा प्रत्येक माणूस शहाणाच असतो असं मी आता म्हणणार नाही. शेजारी बसणाऱ्यानं बोलावं. आरसा मिटला असेल तर लगेच सांगावं. पाटीवर काहीही लिहिलेलं असो. आनेवाडीच्या टोलवर ज्याला मी नको ते बोलले, तो गॉगलवाला हे वाचणार नाही, पण त्याचं म्हणणं खरं होतं. डावीकडं व्हायला पाहिजे होतं, आणि ह्यांना डावीकडं होता येत नव्हतं.

आल्यावर चौथ्या दिवशी देवघराशेजारचा खिळा रिकामा दिसला. बिल्ला कुठं गेला म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "पेटीत ठेवला. आष्ट्याजवळ अपघात झालाच की."

"कुणाला काही झालं नाही."

"बांगड्या फुटल्या."

आता त्या खिळ्याला गाडीची किल्ली आहे. ती ह्यांनीच अडकवली. गाडीचं काय करायचं, हा विषय आम्ही दोघांनीही अजून काढलेला नाही.

गुरुवारी दत्ताच्या देवळात चालत जातो. मध्ये सर्व्हिस रोड लागतो, हायवेवरून उतरणाऱ्या गाड्या तिथंही वेग सोडत नाहीत. मी ह्यांच्या डावीकडं उभी राहते आणि मनगट धरते. परवा पुष्कळ वेळ वाटच मिळेना. एक गाडीवाला आमच्यासाठी थांबला, पण त्याच्या पलीकडून दुसरी येताना मला दिसत होती. थांबलेल्यानं काच खाली केली आणि ओरडला, "आजोबा, चला की लवकर! दिवसभर थांबू काय?"

"घाई असंल त्याला," हे म्हणाले. "दवाखान्यात असंल कुणी."

पलीकडची गाडी निघून गेली. मी मनगटावर दोन टिचक्या मारल्या, तेव्हाच ह्यांनी पाऊल उचललं.